बेटावर कोणीच नाही

परत येऊन तीन आठवडे झाले. चिखलीत आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, दूध आणायला गेलो की दुकानात, जो तो विचारतो, "काय मग, कसं होतं बाली?" मी म्हणतो, "छान. हिरवंगार आहे." सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, सोसायटीच्या ग्रुपवर एकशे चाळीस फोटो टाकलेत. त्यातल्या एकातही मी हसत नाही, हे कोणाच्या तरी लक्षात आलं. "साहेब फोटोत कायम सिरियस," असं खाली लिहून लोकांनी हसरी तोंडं टाकली.

सिरियस नव्हतो. भ्यालो होतो. सहाच्या सहा दिवस. सध्या मी घरीच असतो, लिहायला वेळ आहे, आणि का घरी असतो तेही ओघात येईल. म्हणून जे लिफ्टमध्ये सांगता आलं नाही ते इथे लिहितो. ज्यांना बालीला जायचंय त्यांना उपयोगी पडेल असंही त्यात थोडं आहे.

मी चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचा सुपरवायझर. गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या मोठाल्या प्रेस मशिन आमच्या शॉपमध्ये आहेत. वर्षभर एकही अपघात नाही म्हणून आमच्या शॉपला पहिलं बक्षीस मिळालं: सुपरवायझरला सहकुटुंब बालीची सहल. स्टेजवर शाल, नारळ, टाळ्या.

अपघात झाला होता. किसन नावाच्या ऑपरेटरची उजव्या हाताची तीन बोटं प्रेसखाली गेली होती. किसन चाकणजवळच्या गावचा, घरी थोडी शेती, दोन म्हशी, कारखान्यात कंत्राटी. त्याला मीच माझ्या गाडीतून दवाखान्यात नेलं. तो मागच्या सीटवर टॉवेलात हात गुंडाळून बसलेला, आणि मी आरशात न बघता म्हणालो, "किसन, डॉक्टरांना सांग, घरी कडबाकुट्टीत गेला हात. परमनंटचं मी बघतो."

आमच्या पट्ट्यात हे लगेच खपतं. निम्मे कामगार शेतकऱ्यांच्या घरचे, गोठ्यात जनावरं, आणि चारा कापायच्या मशिनमध्ये हात जाणं कुणाला नवल वाटत नाही. किसन म्हणाला, "व्हय साहेब." परमनंट काही झालं नाही. चार महिन्यांनी कंत्राटदाराने त्याला घरी बसवलं. मग त्याने कामगार ऑफिसात अर्ज दिला, आणि बालीहून आल्यावर मंगळवारी माझी साक्ष होती. एचआरचे साहेब म्हणाले, "मजा करून या. साक्ष काय, एका ओळीचं काम आहे. घरी झालं असं ऐकलं, म्हणायचं."

इथवर सुनंदाला माहीत होतं. पुढचं तिलाही माहीत नव्हतं. प्रेसच्या तोंडाशी न दिसणाऱ्या किरणांचा एक पडदा असतो. त्यात हात गेला की मशिन जागच्या जागी थांबतं. आमच्या त्या मशिनचा पडदा तेलाच्या धुराने मशिन सारखं उगाच थांबवायचा, उत्पादन अडायचं. मी पॅनेल उघडून आत तारेचा एक तुकडा जोडला. पडदा आंधळा झाला, हिरवा दिवा मात्र जळत राहिला. किसनचा त्या दिव्यावर भरवसा होता. अपघातानंतर मी तो तुकडा काढून टाकला, सगळ्यांसमोर पडदा तपासला, चालू निघाला. म्हणजे हात कुठून तरी चुकीचा घातला असणार. हे सगळ्यांनी मानलं. किसननेही मानलं. "माझंच ध्यान नव्हतं साहेब," असं तो दवाखान्यात मला म्हणाला, आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

उलुवातू

विमानाचं काही सांगत नाही. फक्त एवढंच, की मला आपत्कालीन दाराजवळची सीट मिळाली, आणि विमानातल्या हवाई सुंदरीने येऊन विचारलं, वेळ आली तर दार उघडून लोकांना मदत कराल ना? मी सीटचा पट्टा चाचपत राहिलो. आमची मुलगी ऋतुजा, आकुर्डीच्या कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिनेच माझ्या वतीने "येस, येस" म्हणून टाकलं.

विमानतळावर मादे घ्यायला आला होता. उबुड गावात त्याच्याच वाड्यातल्या दोन खोल्या आम्ही घेतल्या होत्या, आणि गाडीही तोच चालवणार होता. तिकडे पोरांची नावं जन्माच्या क्रमाने ठेवतात. दुसरा जन्मला की मादे. सुनंदा म्हणाली, "म्हणजे गावात हाक मारली की निम्मं गाव वळून बघत असेल." मादे मोडक्या इंग्रजीत बोलायचा आणि आम्ही त्याहून मोडक्या. कुठेच अडलं नाही.

तिथल्या रस्त्यावरून चालताना खाली बघून चालावं लागतं. दर दुकानापुढे, दर उंबऱ्याशी, फुटपाथवर, पानाच्या वीतभर टोपल्या ठेवलेल्या: त्यात फुलं, चार शितं, उदबत्ती, कधी बिस्किट, कधी चक्क सिगारेट. देवाला आणि खालच्या भुतांनाही. आपल्याकडे देवाचं उंचावर ठेवतात, पाय लागला तर कानाला हात लावतात. तिथे पहिल्याच दिवशी माझा बूट एका टोपलीवर पडला. दुकानातली बाई हसली, काही नाही म्हणाली. मी मात्र दिवसभर बुटाच्या तळाला काही चिकटलंय का बघत होतो.

उलुवातूचं देऊळ समुद्रावर लोंबणाऱ्या कड्यावर आहे. खाली पाणी इतकं खोल आणि इतकं निळं, की बघताना कठडा धरावा लागतो. तिथली माकडं चष्मे आणि फोन पळवतात, अशी पाटी होती. मी पाटी वाचत उभा असतानाच फोन वाजला. खिशातून काढला, पडद्यावर "किसन प्रेस" असं नाव, आणि एवढ्यात एका माकडाने फोन हातातून उचलला आणि भिंतीवर जाऊन बसलं. वाजणारा फोन कानाला लावल्यासारखा धरून.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. वाटलं, टाक खाली समुद्रात.

"अहो, धावा की!" सुनंदा ओरडत होती. "बघत काय उभे राहिलात? सगळे नंबर आहेत त्यात!"

देवळाचा राखणदार फळं घेऊन आला, माकडाशी त्याने बाजारातल्यासारखी घासाघीस केली. एका फळाला माकड तयार होईना, तीन घेतली आणि फोन सोडला. त्याने तो ऋतुजाच्या हातात दिला. तिने काच पुसली.

"बाबा, किसन कोण? मेसेज आलाय. साहेब मंगळवारी येताय ना, असं लिहिलंय."

"कामावरचा आहे."

सुनंदा समुद्राकडे बघायला लागली.

संध्याकाळी जेवायला भात, परतलेलं टेंपे म्हणजे सोयाबीनची वडी, भाज्यांवर दाण्याच्या कुटाची आमटी आणि संबाल नावाची लालभडक मिरचीची चटणी. सुनंदाने सोबत ठेचा नेला होता तो पिशवीतून काढलाच नाही. "हे आपलंच आहे की," म्हणत दोन दिवस ती संबाल खात होती. तिसऱ्या दिवशी मादेने सांगितलं, त्यात सुकवलेली कोळंबी वाटून घालतात. ऋतुजाला वाटलं, आई आता गुरुवार मोडला म्हणून रडणार. आई म्हणाली, "मग आधी सांगायचं नाही? आणखी घेतलं असतं." ते ऐकून मीसुद्धा हसलो. सहा दिवसांतलं ते एकदाच, आणि नेमका तेव्हा फोटो कोणी काढला नाही.

आमेद

पूर्वेच्या किनाऱ्यावर आमेद नावाचा कोळीवाडा आहे. वाळू काळी, जळक्या कोळशासारखी, आणि मागे आगुंग नावाचा ज्वालामुखी. डोकं ढगात. मादे म्हणाला, अधूनमधून जागा होतो. मी विचारलं, कळतं का आधी? तो म्हणाला, कधी कळतं, कधी नाही. त्यानंतर मी त्या डोंगराकडे पाठ करून उभा राहिलो नाही.

ऋतुजाला पाण्याखालचे मासे बघायचे होते. तिला पोहता येतं, आम्हा दोघांना नाही. बोट अगदी अरुंद, दोन्ही अंगांना बांबू बांधलेले, पाण्यावर चालणाऱ्या लांब पायांच्या किड्यासारखी. मागे छोटं इंजिन. नावाडी साठीचा, हसरा, दात कमी.

बोटीत बसता बसताच माझं लक्ष इंजिनाकडे गेलं. मेंटेनन्सच्या माणसाची नजर, आपोआप जाते. अशा इंजिनाला लाल पिळाची एक दोरी असते. एक टोक इंजिनाच्या बटणात अडकवलेलं, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटात. माणूस पाण्यात पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद होतं. इथे मनगटाचं टोक इंजिनाच्याच दांड्याला गुंडाळून पक्की गाठ मारलेली होती. काम करताना मध्ये येत असणार, म्हणून. मला ती गाठ कळली. ती मारणारा माणूसही कळला.

बोलायचं होतं. "भाऊ, ही दोरी हाताला बांध," एवढंच, खुणेनेही सांगता आलं असतं. पण मग ऋतुजाने विचारलं असतं, बाबा, तुम्हाला कसं माहीत, आणि तिथून गोष्ट कुठवर गेली असती! मी गप्प बसलो. निघालो.

पाऊण तास सगळं छान होतं. ऋतुजा पाण्यात, मध्येच डोकं वर काढून ओरडायची, "आई, निळा स्टारफिश!" आई बोटीची कड घट्ट धरून ओरडायची, "लांब जाऊ नको गं!" मग तिला घ्यायला नावाड्याने इंजिन चालू केलं, हळू पुढे आणलं, आणि दोर फेकायला उभा राहिला. बाजूने लाट आली. तो सरळ मागे पाण्यात.

इंजिन चालूच. दांडा सुटला तसा तो एका अंगाला वळला आणि बोट गोल फिरायला लागली. पहिल्या वेढ्यात बांबू ऋतुजाच्या खांद्याला लागला. ती खाली गेली. दुसरा वेढा सुरू झाला तेव्हा ती वर आली, आणि इंजिनाचं पातं तिच्याकडे येत होतं. सुनंदाची किंकाळी मला ऐकू आली नाही, तिचं उघडं तोंड फक्त दिसलं. मी मागे झेपावलो, ती गाठ धरून बटणातला चाप हिसकून काढला. इंजिन बंद पडलं. बोट ऋतुजापासून चार हातांवर तरंगत थांबली.

नावाड्याने पोहत येऊन ऋतुजाला बोटीत चढवलं आणि आम्हाला किनाऱ्याला आणलं. त्याने मला मिठी मारली. माणसं जमली, शहाळं फोडून माझ्या हातात दिलं. सुनंदा रडत रडत मादेला सांगत होती, "ह्यांनी वाचवलं. ह्यांच्यामुळे पोरगी दिसतेय." मादे मला वाकून नमस्कार करायला लागला. स्टेजवर शाल मिळाली तेव्हा वाटली होती तीच लाज पुन्हा.

गाडीत ऋतुजा खांद्यावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. म्हणाली, "बाबा, तुम्हाला एका सेकंदात कसं कळलं काय ओढायचं?"

"अचानक दिसलं."

"आधी नव्हतं दिसलं?"

"नाही," मी म्हणालो.

सुनंदा म्हणाली, "तू पण जरा लांब राहायचं ना गं इंजिनापासून."

ऋतुजाने बर्फाची पिशवी उलटी करून पुन्हा खांद्यावर दाबली.

उबुड

आम्ही पाडव्याला जोडून सुट्टी घेतली होती, आणि बालीचं नवं वर्षही त्याच दिवशी असतं हे आम्हाला मादेने तिथे गेल्यावर सांगितलं. त्यांचा शके आणि आपला शके एकच, आकडासुद्धा तोच. सुनंदाला केवढं अप्रूप वाटलं. पण त्यांचा पाडवा म्हणजे न्येपी: विस्तव नाही, काम नाही, बाहेर पडायचं नाही, करमणूक नाही. विमानतळ बंद. मोबाइलचं इंटरनेट बंद. पाहुण्यांनाही तोच नियम.

आदल्या दिवशी दिवेलागणीच्या सुमाराला बांबू-कागदाचे प्रचंड राक्षस खांद्यावर घेऊन गावातल्या आळ्यांची मिरवणूक निघते. आपल्याकडच्या मंडळांसारखीच ईर्षा, तशीच ढोलताशाची चढाओढ, फक्त पुढे गणपतीऐवजी सुळेवाला राक्षस. चौकात आला की त्याला तीनदा गरगर फिरवतात, म्हणजे भुतांचा दिशेचा गोंधळ उडतो. एक राक्षस अगदी आमच्यापुढे वाकला. त्याचा एक पंजा उघडा, बोटं माझ्या तोंडापर्यंत आली. मी मागे सरताना एका म्हाताऱ्याच्या पायावर पाय दिला.

मादे कानाशी ओरडून सांगत होता, "उद्या सगळी भुतं बेटावरून जातील. आपण आवाज करायचा नाही. त्यांना वाटलं पाहिजे, बेटावर कोणीच नाही. मग ती पुढे जातात."

"आणि कळलं त्यांना, की माणसं आहेत?" मी विचारलं.

तो हसला. "म्हणून तर गप्प बसायचं."

वर्षभर मी तेच करत होतो. भुतं काही पुढे गेली नव्हती.

पाडवा

सुनंदा घरून तांब्या, रेशमी खण आणि साखरेची गाठी घेऊन आली होती. बांबू तिने मादेच्या परसातून आदल्या दिवशीच मागून ठेवला होता, कडुनिंबाचा डहाळाही त्याच्याच कुंपणाचा. कशाला हवंय ते त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आम्हाला कोणालाच हे सुचलं नाही, की ज्या दिवशी अख्ख्या बेटाला रिकामं दिसायचंय त्या दिवशी आपण रस्त्यावरच्या गॅलरीत लाल खणाची गुढी उभारतोय.

इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. चाकणला रविवारीसुद्धा कुठलं तरी मशिन चालू असतं. इथे कोंबड्यांशिवाय काही नाही. गुढी उभी राहिली, सुनंदाने हळूच हळदकुंकू लावलं, आणि खाली रस्त्यावर पावलं थांबली. काळ्यापांढऱ्या चौकडीचं वस्त्र नेसलेला गावाचा पहारेकरी वर बघत होता. त्याने बोट माझ्याकडे केलं.

मी खाली बसलो, कठड्याच्या आड. मनात एकच: आलं, कळलं यांना. गुढीबद्दल असेल हे डोक्यातच आलं नाही.

मादे अनवाणी धावत आला. खाली कुजबुज झाली. कुजबुजीत मला शके हा शब्द ऐकू आला. पहारेकऱ्याने पुन्हा वर बघितलं, हात जोडले, आणि खुणेने सांगितलं: आत, अंगणाकडे तोंड करा. आम्ही गुढी उतरवून मागच्या गॅलरीत नेली. मादेच्या आईने येऊन तिच्यापुढे आपली फुलांची टोपली ठेवली. सुनंदाचे डोळे भरले. मी अजून घामाने थबथबलेला होतो.

"अहो, एवढं काय घाबरलात?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "तुम्हाला काय पकडायला आला होता का तो?"

दुपारी करण्यासारखं काहीच नव्हतं. आदल्या दिवशी तळून ठेवलेल्या थंड पुऱ्या आणि गाठीचे तुकडे खाल्ले. इंटरनेट नाही म्हणून ऋतुजा फोनमधले जुने फोटो बघत मागच्या गॅलरीत पडली होती. मग उठून माझ्याजवळ येऊन बसली. फोन पुढे केला.

"बाबा, हा निघतानाचा. मी तुमचा काढला होता."

फोटोत मी बोटीत बसलेला. मागे आगुंग. मी कॅमेऱ्याकडे बघत नव्हतो. दोरीच्या गाठीकडे बघत होतो. इतकं स्पष्ट, की नाही म्हणायला जागा नव्हती.

"पाहिलं होतं ना?"

"हो."

मला वाटलं चिडेल. तिने नुसता श्वास सोडला. म्हणाली, "मी दोन दिवस विचार करतेय, की मीच इंजिनाच्या बाजूने आले. दुसऱ्या बाजूने यायला पाहिजे होतं. झोपले की तेच. माझंच चुकलं, माझंच चुकलं. आई पण तेच म्हणाली." मग एकदम तिचा आवाज फुटला, "बाबा, मला एवढं तरी सांगायचंत!"

तिच्या खांद्यावर बांबूचा वळ काळानिळा पडला होता. मला किसन आठवला नाही, किसन दिसला. दवाखान्यात, पडल्या पडल्या माझी समजूत घालणारा.

मग मी सांगितलं. हळू आवाजात, कारण त्या दिवशी कोणीच मोठ्याने बोलत नव्हतं. प्रेस, पडदा, तार, हिरवा दिवा, कडबाकुट्टी, सगळं. सुनंदा दारात येऊन उभी होती, हे मला शेवटी कळलं.

"त्याला माहीत आहे?" ऋतुजाने विचारलं. "तार होती ते?"

"नाही."

"म्हणजे तो वर्षभर..." ती उठून आत गेली. दार लावलं. संध्याकाळपर्यंत उघडलं नाही.

सुनंदा माझ्याजवळ बसली. बराच वेळ गुढीच्या खणाची सुरकुती सारखी करत राहिली. "सात वर्षं राहिलीत तुमची नोकरीची," ती म्हणाली. "केस झाली तर? जेल होते का हो यात?"

"माहीत नाही."

"पोरीचं अजून सगळं व्हायचंय."

"हो."

"मग गप बसा," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "पण तार कशाला घातलीत हो? तुम्ही तर घरचा मिक्सर उघडला तरी आधी प्लग काढता."



दुसऱ्या दिवशी बेट जागं झालं, रस्ते धुतले गेले, गाड्यांचे हॉर्न वाजले. ऋतुजाने नाश्त्याला माझ्या ताटात पपई वाढली, एवढंच. विमानतळावर मादेने सुनंदाला संबालची बाटली दिली, ती सुरक्षा तपासणीत काढून घेतली. सुनंदा त्यांच्याशी मराठीत भांडली.

मंगळवार

कामगार ऑफिसच्या जिन्यातच एचआरचे साहेब भेटले. "काय, रंग उजळलाय की! दोन मिनिटं बोलू." मी म्हणालो, "नंतर." आयुष्यात त्यांना मी पहिल्यांदा नंतर म्हणालो. ऋतुजा कॉलेज बुडवून सोबत आली होती, ती खाली गाडीत बसली. वर ये म्हणालो तर म्हणाली, "नको. तुमचं तुम्ही सांगा."

किसन बाकावर बसला होता. उजवा हात खिशात. मला बघून सवयीने उठला.

"आलात व्हय साहेब. मला वाटलं न्हाई येनार."

"आलोय."

"तुमाला तरास नगं. जेवढं ठाऊक हाय तेवढंच सांगा. मशिनवर झालं, एवढं बोला, बास. चूक माझी व्हती ह्ये मी न्हाई म्हनत न्हाई."

आत टेबलाशी एक बाई होत्या, कॉम्प्युटरवर माझं नाव टाइप करत. किसन माझ्या शेजारच्या खुर्चीत, एचआरचे साहेब पलीकडे. बाई म्हणाल्या, बोला. मी सांगितलं की अपघात प्रेसवर झाला, घरी नाही. कडबाकुट्टी मी सांगायला लावली. मग पडद्याचं सांगितलं. तार मी घातली, कोणी सांगितलं म्हणून नाही, उत्पादन अडतंय म्हणून, माझ्या हाताने.

एचआरचे साहेब खुर्ची सरकवून उठले आणि फोन लावत बाहेर गेले.

"अपघात झाल्यावर तुम्ही काय केलंत?" बाईंनी विचारलं.

हे मी ऋतुजालाही सांगितलं नव्हतं. सुनंदालाही नाही. "मी ओरडा ऐकून धावलो," मी म्हणालो. "किसनचा हात साच्यात अडकलेला होता. तो मला हाक मारत होता. मी आधी पॅनेलकडे गेलो. तार काढली, खिशात घातली, पॅनेल बंद केलं. मग त्याच्याकडे गेलो."

"किती वेळ लागला?"

"मिनिट, दीड मिनिट."

बाईंची बोटं थांबली. मग पुन्हा टाइप करायला लागल्या. त्याच संध्याकाळी कंपनीने मला घरी बसवलं, पुढे काय होईल ते वकील सांगतो तेवढंच मला माहीत आहे, आणि भीती तर आहेच. पण त्या खोलीत मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. मी किसनकडे बघायचं टाळत होतो.

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. म्हणाला, "पडदा चालू असता, तर थांबली असती मशिन?"

"थांबली असती."

"म्हंजी मी हात बराबर घातला व्हता."

"बरोबर घातला होतास."

त्याने मान हलवली. उठला, दाराबाहेर पॅसेजमध्ये गेला आणि डाव्या हाताने फोन लावला. दार उघडंच होतं.

"अगं, ऐक," तो बायकोला सांगत होता. "माझं काय चुकलं नव्हतं. ...न्हाई, न्हाई, मशिनच आंधळी व्हती. साहेब आत्ता बोलले, लिहून घेतलं बाईंनी. ...व्हय, खरंच. आईला दे. आई, ऐकतीस का? माझं चुकलं नव्हतं गं."

बाईंनी कागद छापून पुढे सरकवला. मी सही केली. खाली त्याच्या सहीची जागा होती. बाईंनी त्याला हाक मारली, त्याला ऐकू गेली नाही. त्या पुन्हा हाक मारायला लागल्या, तसा मी म्हणालो, "मॅडम, बोलू द्या त्याला. थांबतो मी."